राहत्या घराचं भाडं

दोहा
शुक्रवार, १८ ऑक्टोबर २०२४

आक्का, तुझ्या पाया पडतो.

मंगळवारी सकाळी मी साडेचारला उठलो. अंघोळ करून कपाट उघडलं, दाराला आतून चिकटवलेल्या भवानीच्या फोटोला हात जोडले आणि मनातल्या मनात आरती म्हटली. इथे उदबत्ती लावता येत नाही, छतातलं धुराचं यंत्र बोंबलतं आणि खोलीतले पाचही जण उठून बसतात. मग खाली जाऊन गाडी पुसली. रात्रीतून काचेवर पिठासारखी धूळ बसते. त्या दिवशी जे झालं ते तुला सांगायचं म्हणून हे पत्र. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि शेजारच्या हौसाबाईने तुझ्या कानाशी ओरडून सांगावं असं हे नाही. कॅम्पातला एक जण बार्शीला निघालाय, त्याच्या हाती देतो.

गेल्या महिन्यापासून कंपनीने मला सर्व्हेच्या गाडीवर घातलंय. घरोघर जाऊन लोक काय खातात, कशावर खर्च करतात, कसल्या घरात राहतात, ते लिहून घ्यायचं काम आहे. लिहिणाऱ्या चार मुली, मी त्यांना नेतो-आणतो. त्यातली माहिरा हैदराबादची, माझ्या लेकीच्या, आपल्या राणीच्या वयाची. मला काका म्हणते.

मंगळवारी आम्ही मदिनत खलीफात होतो. तिथे बहुतेक बंगले. एका म्हाताऱ्या मालकाने दारातच खजूर आणि कॉफी दिली, मलाही आत बोलावलं. माहिराने त्याला अरबीत काही विचारलं आणि तो इतका हसला की त्याला ठसका लागला. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय विचारलंस गं त्याला?

ती म्हणाली, "हेच, की हा बंगला तुमचा नसता आणि तुम्हाला इथेच राहायचं असतं, तर महिन्याला भाडं किती दिलं असतं. तो म्हणतो, माझ्या घरात मीच भाडेकरू? माझ्या बायकोला सांगू नकोस, ती उद्यापासून वसूल करेल."

आपल्या घरात राहणं हीसुद्धा एक कमाई धरतात म्हणे. मग घरातला कर्ता माणूस काय काम करतो त्याप्रमाणे त्या आकड्यांच्या ओळी लावतात. साहेब लोक, इंजिनियर, कारकून, कारागीर, ड्रायव्हर. मी म्हटलं, ड्रायव्हरची ओळ दाखव. तिने पडद्यावर बोट ठेवलं. कंपनीने दिलेल्या जागेचा रकाना भरलेला. मालकीच्या घराचा रकाना रिकामा.

"ड्रायव्हर का यहाँ अपना घर किधर होता, काका," ती म्हणाली. सहज म्हणाली. पण मला बरं वाटलं नाही. मी सांगितलं, माझं आहे घर. गावाला. चार खोल्या, पुढच्या तिन्हींवर स्लॅब.

"तो आप भी मालिक. बोलो, किराया कितना?"

गावात काय भाडं चालतं ते मला कुठे ठाऊक. संध्याकाळी आपल्या वाडीच्या बाबूला, म्हणजे माझ्या वरच्या पलंगावर झोपणाऱ्या प्लंबरला, हे सांगितलं. तो म्हणाला, "सुदाम्या, मालक झालास ना, मग आधी खालून घोरणं बंद कर. वरच्या मजल्याचं भाडं उतरतंय."

तर आक्का, एक काम कर. आपलं घर कोणी भाड्याने घेतलं तर गावात आज किती देतील, जरा विचारून कळव. सोलरच्या कंपनीची माणसं खोल्या बघत फिरतात असं तूच मागे लिहिलं होतंस.

तब्येतीला जप. इथलं सगळं ठीक आहे.

तुझा
सुदाम

*

शेलगाव
१० नोव्हेंबर २०२४

चिरंजीव सुदामला आक्काचा आशीर्वाद.

तुझं पत्र बार्शीच्या माणसानं आणून दिलं. चारदा वाचलं. भाऊबीजेला तू न्हाईस म्हनून दरसालसारखं चंद्राला ओवाळलं. आवंदा ढगात होता, लई वेळ उभी राहिले, पर दिसला.

तू विचारलंस ते मी विचारलं. गावात भाड्याचं कुनाला काय म्हाईत असनार, कालपरवापर्यंत कोन कुनाला भाडं देत हुतं. म्हनून मग सोलरवाल्यालाच विचारलं. अभिजित नाव हाय, सांगलीकडचा. नवीन लगीन झालेला. तो दुसऱ्याच दिवशी बायकोला घेऊन आला. ती पोरगी सगळीकडं फिरली. माझ्या देव्हाऱ्यासमोर उभी राहून म्हनली, हितं फ्रीज बसंल. बोरचं पानी कसं हाय, लाईट किती जाती, ते विचारून घेतलं. पुढच्या तीन खोल्यांला चार हजार म्हनतो. तुला कमी वाटत असंल तर कळव.

तुझं घर हाय. तू विचारनारच. मला मागची गोठ्याकडची खोली हाय, ती पुरती. एका बाईला किती जागा लागती. पत्रा तेवढा एका जागी गळतो, पर आता पाऊस कुठं हाय.

स्लॅब पडला तवा एकवीस दिस मी डोक्यावरनं पानी आनून मारलं हुतं, तू सुट्टी संपली म्हनून निघून गेला हुतास. तवा गवंडी म्हनला हुता, बाई, ह्या घराला शंभर वर्सं काय हुत न्हाई. त्या पोरीला ती गोष्ट सांगावी वाटली. मग वाटलं, कशाला.

तू सांगशील तसं करते. लवकर कळव, माझ्या जिवाला थारा न्हाई.

आक्का

*

दोहा
शुक्रवार, २९ नोव्हेंबर २०२४

आक्का, पाया पडतो.

तुझं पत्र वाचून मी घाबरलो. तुझ्या जिवाला थारा का नाही? राहवलं नाही म्हणून रविवारी हौसाबाईला फोन केला. ती तुझ्याकडे गेली, मला फोनमधून सगळं ऐकू येत होतं. तिने ओरडून विचारलं, "आगं बायडा, सुदाम हाय, बरी हायेस का म्हनतोय." तू म्हणालीस, "भाड्याचं बघती हाय म्हन त्याला." ती म्हणाली, "भाड्याचं न्हाई, तुझं विचारतोय." तू म्हणालीस, "तेच म्हन." आणि मग तुझ्या पावलांचा आवाज आला. तू आत निघून गेलीस.

तेव्हापासून मनात काहीतरी अडकलंय. काल द पर्लमध्ये गाडी लावून बसलो होतो. समोर समुद्रात बोटी बांधलेल्या, वर वीस-वीस मजल्यांची घरं. मुली तासभर वर होत्या. मला वाटत राहिलं, माझ्या घरात आत्ता काहीतरी होतंय आणि मला ते दिसत नाहीये. जप करायला घेतला तर माळ मधेच थांबायची.

मी फक्त विचारलं होतं, आक्का. घाई करू नकोस. मार्चनंतर काय ते कंपनी ठरवेल, तोवर विचार करू. आकडा मात्र वाईट नाही.

बाबू चौदा डिसेंबरला सुट्टीवर येतोय. त्याच्या हाती हे पत्र आणि एक ब्लँकेट, दुधाच्या पावडरीचा डबा, खजूर आणि गुडघ्याला लावायचं मलम देतोय. त्याच्याजवळ उलट उत्तर दे. काही लपवू नकोस.

सुदाम

*

शेलगाव
२२ डिसेंबर २०२४

चिरंजीव सुदामला आशीर्वाद.

बाबूनं सामान दिलं. ब्लँकेट लई ऊबदार हाय. हे पत्र त्याच्याच बॅगंत देते, तो परत येईल तवा तुला मिळंल.

पुढच्या खोल्यांत अभिजित आन त्याची बायको ज्ञानदा मार्गशीर्षातल्या पयल्या गुरुवारी राहायला आली. बाबूनं तुझं पत्र आनलं त्याच्या आधीच. तू घाई करू नको लिवलंस, पर आकडा वाईट न्हाई असं पन लिवलंस, तवा मी केलं ते तुझ्या मनासारखंच झालं असं धरते. देव मी मागं आनलेत. दिवळीत बसवलेत, जागा झाली त्यास्नी.

माणसं चांगली हायती. पोरगी एकदा भाजी घेऊन आली. पर सुदाम, मला भ्या वाटतं, खोटं कशाला बोलू. मला ऐकू येत न्हाई, त्यामुळं घरात कोन फिरतंय ते कळत न्हाई. इतकी वर्सं घरात मी एकलीच हुते, तवा कळायची गरज नव्हती. आता मधल्या भिंतीला हात लावून बसते. त्यांचा कुकर शिट्टी देतो तवा भिंत जराशी थरथरती. दार आपटलं तरी कळतं. राती दाराला पेटी लावून झोपते. दारात परक्या चपला दिसल्या की अजून दचकते. मग आठवतं, परकी मी हाय.

राणी सोलापुरास्न नाताळच्या सुट्टीला येत न्हाई, नर्सिंगची परीक्षा हाय म्हनली. बरं झालं येत न्हाई. तिची आई गेली तवापास्नं ती ज्या खोलीत झोपायची तिथं आता त्यांचा पलंग हाय.

तू येशील तवा तुलाच जागा लागंल. मग मागची खोली पन मोकळी करावी लागंल, हे मला समजतं. ते तू तोंडानं सांगू नकोस. नुसता महिना कळव, मी आधीच आवरून ठेवीन. तोंडानं सांगितलंस तर मला सोसायचं न्हाई.

आक्का

*

दोहा
शुक्रवार, १० जानेवारी २०२५

आक्का,

काल बाबूचा गावाहून पहिलाच फोन आला. त्याने सांगितलं, तुमच्या दारात दुसऱ्याची गाडी उभी आहे, ओट्यावर दुसऱ्याचे कपडे वाळतायत. मी म्हटलं, तू चुकीचं घर बघितलंस. तो म्हणाला, "सुदाम्या, लहानपणी तुझ्या घरची भाकर खाल्लीय मी, घर चुकीन व्हय?"

मी घाई करू नको लिहिलं होतं. तू मला एका शब्दाने न विचारता माणसं घरात घातलीस. भाडेकरू एकदा शिरला की निघत नाही, हे तुला कोणी सांगितलं नाही का? कागद केलास का? कोणाची सही घेतलीस? उद्या त्याने वीजबिल स्वतःच्या नावावर करून घेतलं तर मी इथून काय करणार? अठरा वर्षं मी या वाळूत गाडी चालवतोय ती याच्यासाठी?

रात्रभर झोप नाही. कोणाच्या सांगण्यावरून केलंस हे? मनात नको नको ते येतंय. घर कोणाच्या नावावर आहे हे विसरलीस का?

ताबडतोब कळव. धाराशिवचा एक जण उद्या निघतोय, त्याच्या हाती देतोय.

सुदाम

*

दोहा
सोमवार, १३ जानेवारी २०२५

आक्का,

बाबू काल परत आला. त्याने बॅग उघडून आधी तुझं पत्र काढून दिलं. मी ते गाडीत बसून वाचलं.

शुक्रवारचं माझं पत्र तुला मिळालं असेल तर फाडून चुलीत टाक. वाचलं असशील तर विसर. मी तुझं पत्र यायच्या आधी ते लिहिलं. अशी बोलणी मला कोणी शिकवली, कळत नाही. धाराशिवच्या माणसाला फोन करून बघितला, पत्र देऊ नका म्हणायचं होतं, पण त्याने सांगितलं, कालच दिलं, बाईंनी माझ्यासमोरच उघडलं.

तू त्याच्यासमोर काय केलंस ते मी विचारलं. तो म्हणाला, "काय नाही. वाचलं, घडी घातली आणि मला चहा घ्या म्हणाल्या."

आक्का, तू आहेस तिथेच राहा. हे टपालाने पाठवतोय, आत्ता जाणारं कोणी नाही. देवीच्या पायाशी ठेवून मग पेटीत टाकतोय.

सुदाम

*

आलेगाव
२ फेब्रुवारी २०२५

चिरंजीव सुदामला आशीर्वाद.

मी माझ्या सासरी आलेय. मागच्या खोलीची किल्ली हौसाबाईपाशी हाय. अभिजितला सांगितलं, महिन्याचं भाडं राणीच्या खात्यावर टाकत जा. कागद केला नव्हता, तो पन त्यानं आपनहून लिवून दिलाय, त्याची सही हाय, हौसाबाईची साक्ष हाय. अकरा महिन्यांचा. वीजबिल तुझ्याच नावावर हाय. भिऊ नकोस.

इथं दीर बाजीराव म्हातारा झालाय. मला बघून म्हनला, "एवढ्या वर्सांनी वाट चुकली का वहिनी?" मी म्हनलं, न्हाई, वाट हीच हुती. त्याच्या बायकोनं पेटी वट्यावरच ठिवायला सांगितली. दोन दिस पेटी वट्यावर हुती, मग कडब्याच्या खोलीत जागा दिली. काम पडंल ते करते. मला जास्त काय ऐकू येत न्हाई त्याचं हितं बरंच हाय.

राती तेवढं झोप येत न्हाई. ह्या घरात मला कवाच झोप आली न्हाई.

घर तुझ्या नावावर हाय हे मी इसरले न्हाई सुदाम. एकवीस वर्सांत एक दिस पन इसरले न्हाई. वट्यावर पाय ठिवताना दर वेळेला आठवायचं. तुला वाटलं असंल की बाईला आता घर आपलं वाटाय लागलं. म्हनून हे लिवलं.

मला न्यायला कुनाला धाडू नकोस. पुना कुनाच्या नजरंसमोर पेटी उचलायची ताकद न्हाई.

आक्का

*

दोहा
शुक्रवार, २१ फेब्रुवारी २०२५

आक्का, तुझ्या पाया पडतो.

तू गेल्याचं मला चार तारखेलाच हौसाबाईने फोनवर सांगितलं होतं. माझं टपालाचं पत्र तुझ्या दाराच्या फटीत तसंच पडलंय, असंही ती म्हणाली. तुझं पत्र सोळा तारखेला मिळालं. मधले बारा दिवस मी कसे काढले ते मला माहीत. त्या घरात तुझ्या कानावर बाजीरावचा हात पडला होता. दाजींचं तेरावं झालं नव्हतं तेव्हा. तुला घेऊन यायला मीच आलो होतो, तुझ्या कानातून रक्त येत होतं आणि तू मला सांगत होतीस, बैलानं शिंग मारलं. त्याच माणसाच्या कडब्याच्या खोलीत तू झोपतेस, आणि तुला तिथे मी पाठवलं. या बारा दिवसांत गाडी चालवताना दोनदा चुकीच्या लेनमध्ये गेलो. माहिरा घाबरली. म्हणाली, काका, साइड में लगाओ. मी गाडी लावली आणि तिला सगळं सांगितलं. परक्या पोरीला सांगितलं, कारण दुसरं कोणाला सांगायची हिंमत नव्हती.

तिने ऐकून घेतलं. मग मी तिला विचारलं, एखादी बाई वीस वर्षं दुसऱ्याच्या घरात राहते, घर बांधून घेते, पोर वाढवते, तर तिचं काम तुमच्या कुठल्या ओळीत धरता? ती म्हणाली, "उनका अलग से नहीं आता, काका. वो घर के साथ गिने जाते."

आता मी तुला ते लिहितो जे पहिल्याच पत्रात लिहायला हवं होतं.

त्या मंगळवारी संध्याकाळी बाबूच्या थट्टेच्या आधी आणखी एक गोष्ट झाली होती. सुपरवायझर अरुणकुमारने आम्हा चौघा ड्रायव्हरांना थांबवून सांगितलं, मार्चअखेर सर्व्हे संपतोय, आणि पन्नाशीच्या आसपासच्यांचे व्हिसाचे कागद कंपनी पुढे पाठवणार नाही. त्याने खांद्यावर हात ठेवला आणि "खलास नाही, काका, अजून पाच महिने आहेत" म्हणाला. मी हसलो. पायऱ्या चढून खोलीत आलो. एकोणपन्नास वर्षांच्या ड्रायव्हरला गावात कोण काम देणार? मला दुसरं काही येत नाही. सकाळचा तो प्रश्न डोक्यात होताच. मी पलंगावर पडून घर वाटून टाकलं. पुढच्या खोल्या सोलरवाल्यांना. मागे मी. राणीला नोकरी लागली की तू तिच्याकडे. सगळं नीट बसलं. भिंतीपलीकडे कोण राहील, भाडं किती येईल, पाणी कसं वाटायचं, सगळं. फक्त तुला विचारायचं राहिलं होतं, आणि ते राहिलंय हे माझ्या लक्षातही आलं नाही.

मग मी तुला पत्र लिहायला बसलो आणि सर्व्हेची गंमत सांगतोय असं स्वतःलाच पटवलं.

तेव्हा तू माझं पत्र चुकीचं वाचलं नाहीस, आक्का. तू बरोबर वाचलंस. दुसऱ्या पत्रात मी "देऊ नकोस" असं का लिहिलं नाही? दोन शब्दांचं काम होतं. मी "घाई करू नकोस" लिहिलं आणि खाली आकड्याचं कौतुक केलं. आणि तू माझ्या मनातलं करून दाखवलंस तेव्हा तुझ्यावरच ओरडलो, कारण ते बाबूच्या तोंडून ऐकताना फार घाण वाटलं. तीस वर्षांच्या वर देवीची आरती म्हणतोय. तिच्यासमोर रोज उभा राहून हे मी झाकून ठेवलं होतं.

राणीला फोन केला. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आत्याला विचारलंस का आधी? की ह्या वेळी पण परस्परच?" मी म्हटलं, विचारायला तोंड नाही, आधी करतो आणि मग सांगतो. ती म्हणाली, "परस्परच करायचं असेल तर निदान ह्या वेळी चांगलं कर." आणि मग, अगदी हळू, "माझं काय ते नंतर बघ." तिला ते म्हणायला जड गेलं, मला कळलं. तिचंही त्या घरावर मन आहे.

अर्धं घर तुझ्या नावावर करायचं ठरवलं. देऊन टाकलं असं नव्हे. तुझं होतं, कागदावर नव्हतं. उरलेलं अर्धं माझं, माझ्यानंतर राणीचं. अभिजितने राहायचं की जायचं ते तू ठरव. राहिला तर भाडं तुझ्या हातात, त्याच्या बायकोने फ्रीज कुठे ठेवायचा तेही तूच सांग. मी मार्चनंतर आलो की कुठे झोपायचं ते तुला विचारीन.

तू येशील की नाही याची मला भीती आहे. तू लिहिलंस, न्यायला कोणाला धाडू नकोस, म्हणून धाडणार नाही. पण बक्षीसपत्रावर घेणाऱ्याचीही सही लागते. परांड्याच्या कचेरीत तुला एकदा यावं लागेल. बाबूचा मेव्हणा कौशिक हे पत्र घेऊन येईल. तो तुझी पेटी उचलणार नाही. तो फक्त कचेरीचा दिवस सांगेल आणि जाईल. त्या दिवशी आलीस तर कचेरीतून शेलगाव सोळा किलोमीटर आहे. नाही आलीस तरी मी आलेगावला येईन, ओट्यावर बसेन, आणि बाजीराव काय बोलायचं ते बोलू दे.

इथून मी येऊ शकत नव्हतो, कंपनी काम संपेपर्यंत सोडत नाही. म्हणून अल सद्दमधल्या टायपिंगच्या दुकानात मुखत्यारपत्र लिहून घेतलं. माझ्या वतीने कौशिकने तुला अर्धं घर लिहून द्यावं, एवढंच त्यात आहे. दुकानदार मलबारी होता, त्याने दोनदा विचारलं, विकायचं का? मी म्हटलं, नाही. भाड्याने? नाही. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि टाइप करायला लागला.

काल, गुरुवारी, अर्धी रजा घेऊन एम्बसीत गेलो. साक्षीला बाबू आणि आमच्या खोलीतला आणखी एक जण. रांगेत लागेपर्यंत बाबू चेष्टा करत होता. माझा नंबर दोन तासांनी आला. वाटत होतं, अजून उठून जाता येईल. मार्चनंतर माझ्याकडे दुसरं काहीच नाही, हे मी दर पाच मिनिटांनी स्वतःला सांगत होतो. हे मी तुझ्यापासून लपवत नाही.

खिडकीतल्या बाईने कागद चाळले. "किसको दे रहे हो?" मी म्हटलं, बहन को. बड़ी बहन. "सोच लिया है?" मी हो म्हटलं. तिने दाखवलं तिथे चारही पानांवर मी सह्या केल्या, मग बाबूने, मग दुसऱ्याने. तिने शिक्का मारला, कागद खिडकीखालून बाहेर सरकवला. मी तो पाकिटात घातला. कौशिक आज निघतोय, आता विमानतळावर जाऊन तो कागद आणि हे पत्र त्याच्या हातात देतो.

तुझा
सुदाम